भिजवलेला आळा

कडब्याची पेंढी बांधायची वेळ पहाटेची. फाल्गुनात दिवस कासराभर वर आला की पाला कडकडीत होतो, हात लावला की चुरा. पाला झडून गेला की मागं राहते ती नुसती काडी, जनावर तिला नीट तोंडही लावत नाही. म्हणून दंव असेतोवर बांधायचं. अंगावरचं पांघरूण ओढून आण्णा आम्हा दोघा भावांना चारला उठवायचे, आणि डोळे चोळत आम्ही मंगळवेढ्याच्या त्या काळ्या रानात जायचो. पायाखाली भेगा, वर चांदण्या, आणि ओल्या पाल्याचा गोडसर वास.

पेंढीभोवती जो बंध आवळतात त्याला आमच्याकडं आळा म्हणतात. तो धाटाचाच करायचा. लांब, सरळ, बारीक धाटं निवडून आण्णा ती आदल्या रात्री पाण्यात टाकत. सकाळी ती मऊ पडलेली असत. त्यांना पिळा दिला की वळतील तशी वळत. मी धाटं गोळा करून गुडघ्याखाली दाबायचो, धाकटा आळा पुढं करायचा, आणि आण्णा येऊन गाठ मारायचे. पाच पेंढ्या झाल्या की एक पाचुंदा. धाकटा पाचुंदे मोजायचा. तो तेव्हा पाच वर्षांचा असेल, मी दहाचा. विसाच्या पुढं त्याला आकडे येत नव्हते, म्हणून तो वीस झाले की पुन्हा एकपासून सुरू करायचा आणि आण्णा त्याला कधी टोकायचे नाहीत.

पुढं मी शिकायला म्हणून पुण्याकडं आलो, पिंपरीतल्या एका कारखान्यात चिकटलो आणि तिथलाच झालो. रान धाकट्यानं सांभाळलं. आण्णा २००९ साली गेले, आई २०१६ साली. दोघंही वय होऊन, आपल्या खाटेवर, सगळे भोवती असताना. रडलो, बारावं-तेरावं केलं, गोडजेवण घातलं, आणि आपापल्या कामाला लागलो. आईच्या तेराव्याच्या दिवशी धाकटा म्हणाला होता, ‘‘दादा, आता आपण दोघंच की रं वरती.’’ म्हणजे घरातली थोरली माणसं आता आपणच. त्याच वर्षी मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं होतं. त्याचं त्याला फार अप्रूप. कुणी पाव्हणा आला की मालदांडीची भाकरी पुढं ठेवून तो आधी ते सांगायचा.

२०२१ च्या एप्रिलात त्याला ताप आला.

त्या एप्रिलबद्दल लिहिताना अजून हात आखडतो. तालुक्याला खाट मिळाली नाही, सोलापूरला मिळाली. आठव्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज घोगरा, दर दोन शब्दांनी दम. म्हणाला, ‘‘दादा, ज्वारी अजून घरातच हाय. भाव बघून इकाय सांग पोराला. घाई करू नगं म्हनावं.’’ मी म्हणालो, तूच येऊन विक. तो हसला असावा, कारण नंतर बराच वेळ खोकत राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुतण्याचा फोन आला आणि तो काहीच बोलेना, तेव्हाच कळलं.

जिल्हा ओलांडायला तेव्हा ई-पास लागायचा. तो मिळून मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पुतण्यानं बापाला लांबून पाहिलं, प्लॅस्टिकात गुंडाळलेलं. तोंड दिसलं नाही. अग्नी कुणी दिला ते त्यालाही नीट सांगता येईना. तिसऱ्या दिवशी आमच्या हातात एक मडकं आलं, वर फडकं बांधलेलं आणि फडक्याला चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव, वय ५२, आणि एक आकडा.

मडकं मांडीवर घेऊन मी जीपमध्ये मागं बसलो होतो. पुतण्या शेजारी. बेगमपूर मागं पडल्यावर त्यानं अगदी हळू विचारलं, ‘‘आप्पा, हे बाबाच असतील ना?’’

मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसांत एकेका ठिकाणी किती चिता एकदम पेटत होत्या ते सगळ्यांनी पाहिलं आहे. ज्यांच्या हाती असं मडकं आलं, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या मनात हा प्रश्न आला असणार आणि पुष्कळांनी तो तोंडाबाहेर येऊ दिला नसणार. माझ्या मनात मात्र तेव्हा चोखोबा आले. आमच्या मंगळवेढ्याचे चोखोबा. गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर तेही गाडले गेले, १३३८ साली. नामदेवराय त्यांना न्यायला पंढरपुराहून आले तेव्हा ढिगाऱ्यात नुसती हाडं उरली होती. कुणाची कुठली, ओळखायचं कसं? परंपरा सांगते की नामदेवांनी एकेक हाड कानाला लावलं, आणि ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ते चोखोबांचं म्हणून उचललं. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे, नामदेवांच्या पायरीसमोर. लहानपणापासून शंभरदा ऐकलेली ही गोष्ट. भक्ताची थोरवी सांगणारी गोष्ट म्हणूनच ती आम्हाला सांगितली गेली. त्या जीपमध्ये ती मला पहिल्यांदाच एका मित्राची गोष्ट वाटली. आपलं माणूस ढिगाऱ्यातून वेगळं काढता यावं म्हणून खाली बसलेला, हाड कानाशी धरलेला एक मित्र.

मी मडक्याच्या फडक्यावर हात ठेवला आणि पुतण्याला म्हणालो, ‘‘बाबाच आहेत.’’ अजूनही मला ते खोटं बोलल्यासारखं वाटत नाही.

पंढरपूरचं देऊळ बंद होतं, वाळवंटावर जाऊ देत नव्हते. भीमेच्याच काठाला, आमच्या बाजूनं, सहा माणसांत आम्ही त्याला पाण्यात सोडलं.

त्यानंतर मी थोरला झालो. म्हणजे होतोच, पण आता सगळे मला तेच सांगायला लागले. ‘‘तुम्ही थोरले. तुम्हीच हातपाय गाळले तर पोरांनी कुणाकडं बघायचं?’’ फोनवर प्रत्येक जण म्हणे, खंबीर राहा. मी राहिलो. मृत्यूचा दाखला, सात-बाराला वारसांची नोंद, सोसायटीचं कर्ज, विम्याचे कागद, पुतणीची फी. एक वही केली आणि झालेल्या कामापुढं खूण करत गेलो. ज्वारी भाव बघून विकली, घाई केली नाही. भावजय माझ्याशी आजवर उंबऱ्याच्या आतूनच बोलत आलेली, डोईवरचा पदर कधी ढळला नाही. तिनं एकदाच विचारलं, ‘‘भावजी, तुम्ही जेवता ना नीट?’’ मी हो म्हणालो.

जेवत होतो. झोप मात्र गेली होती. रात्री दोनला जाग यायची, आणि दातखीळ बसल्यासारखा जबडा आवळलेला असायचा. डोळ्यांत टिपूस नाही. आण्णा-आईच्या वेळी मोकळेपणानं रडलेला माणूस मी, आणि पाठच्या भावासाठी डोळे कोरडे. ह्याचीच मला मनातून लाज वाटायला लागली. समाचाराला येणारे गीतेतलं सांगायचे, जुनी वस्त्रं टाकून नवी घ्यावीत तसा आत्मा देह बदलतो. मी ते मानतो. तेव्हाही मानत होतो. पण त्या बोलण्यानं आत काही हलायचं नाही. वाळलेल्या रानावर एखादी सर पडावी आणि भेगांतून सरळ खाली निघून जावी, माती तशीच राहावी, असं व्हायचं. सांगणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्याकडं देण्यासारखं जे होतं ते त्यांनी दिलं.

७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, राज्यातली देवळं उघडली. डिसेंबरात कार्तिक वद्य त्रयोदशीला मी आळंदीला गेलो. पिंपरीहून आळंदी ती किती लांब! एरवीही दरवर्षी जाणं व्हायचं. ह्या खेपेला मुद्दाम काही मागायला गेलो नव्हतो. घरात बसवेना म्हणून गेलो.

त्रयोदशीला माउलींच्या समाधीचा सोहळा असतो. १२९६ साली, शके १२१८ मध्ये, याच तिथीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. देवळात नामदेवरायांच्या वंशजांचं कीर्तन होतं आणि त्यात नामदेवांचे समाधीचे अभंग घेतात. दुपारी बाराला घंटा वाजतात, फुलं उधळतात. मी गर्दीत पार मागं उभा. आवाज भोंग्यातून तुटक येत होता. आजूबाजूला सगळे माना खाली घालून उभे. शेजारी परभणीकडचा एक म्हातारा वारकरी होता, मफलरीनं डोळे पुसत, अजिबात न लपवता.

आणि त्या तुटक आवाजातून एक चरण आला, ‘बांधल्या पेंढीचा सुटलासे आळा’.

मी आधी ते ऐकलं नव्हतं असं नाही. पण कीर्तनात कितीतरी शब्द आपल्या अंगावरून जातात. त्या दिवशी तो शब्द मला ओळखीच्या माणसासारखा भेटला. आळा! आण्णांच्या हातातला, धाकट्यानं पुढं केलेला. पुढं म्हटलं आहे की पेंढीचा आळा सुटला आणि गवत रानोमाळ पांगलं. आणि हे बोलणं आहे निवृत्तिनाथांचं. नामदेवांनी ते त्यांच्या तोंडी घातलं आहे.

घरी येऊन गाथा काढली. ते अभंग मी त्या रात्री आणि नंतर कितीतरी रात्री वाचले. निवृत्तिनाथ कोण, ते वारकऱ्याला सांगायला नको. ज्ञानदेवांचे थोरले भाऊ, आणि त्यांचे गुरू. ज्ञानेश्वरी ज्यांच्या पायाशी बसून सांगितली गेली ते. जन्ममरणाचं कोडं ज्यांना सुटलं होतं असं आपण मानतो, ते. समाधीच्या त्या प्रसंगात सगळ्यांत जास्त कोसळतात तेच. बांधलेलं तळं फुटून पाणी बारा वाटांनी जावं तसं झालंय, म्हणतात. हरिणीवाचून पाडसं दाही दिशा भटकतायत, म्हणतात. आणि मग:

‘मायबापें आम्हां त्यागियेलें जेव्हां । ऐसें संकट तेव्हां झालें नाहीं ।।’

त्यांचे मायबाप कसे गेले ते आपल्याला ठाऊक आहे. चार पोरांना वाळीत टाकणाऱ्या गावात उघड्यावर ठेवून देहांत प्रायश्चित्त घ्यायला गेले. त्याहून मोठं संकट कुठलं? पण थोरला भाऊ म्हणतो, तेव्हाही असं झालं नव्हतं. धाकटा जातो तेव्हा उलटं होतं सगळं. ज्याच्या बोटाला धरून चालवलं तो पुढं निघून जातो आणि आपण मागं. हे वाक्य कुणीतरी सातशे वर्षांपूर्वी म्हणून ठेवलं होतं, आणि मी आठ महिने ते तोंडात धरून, जबडा आवळून फिरत होतो.

मला जे जाणवलं ते मी माझ्यापुरतं सांगतो. निवृत्तिनाथांचं ज्ञान त्या दिवशी कमी पडलं, असं नामदेव म्हणत नाहीत. वारकरी परंपरेतही कुणी तसं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. उलट आपल्या सगळ्यांत पवित्र प्रसंगाच्या मधोमध ह्या परंपरेनं गुरूचं रडणं ठेवलं, आणि ते दरवर्षी हजारो माणसांसमोर, टाळ-मृदंगासह, उभ्यानं ऐकवलं. शेवटी नामदेव देवालाच म्हणतात की आग पेटली आहे, आता निवृत्तीचं समाधान तूच कर. ते स्वतः त्यांना उपदेश करत नाहीत. खंबीर राहा म्हणत नाहीत.

त्यापुढची हकिगत मला आता वाचवत नाही, तरी मी ती वाचतो. महिन्याभरानं मार्गशीर्षात सासवडला सोपानदेव गेले. वैशाखात तापीकाठी, मेहुणला, विजांच्या कडकडाटात मुक्ताई दिसेनाशी झाली. ज्येष्ठात निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी देह ठेवला. कार्तिक ते ज्येष्ठ, सात महिने. त्या सात महिन्यांत हा थोरला भाऊ चालत राहिला. आळंदीहून सासवड, तिथून तापी, तिथून त्र्यंबक. कसा चालला असेल, हे मी पुष्कळदा मनाशी धरून बसतो.

आळंदीत मात्र मी रडलो नाही. हे सांगितलं पाहिजे, कारण अशा गोष्टी ऐकताना आपल्याला वाटतं, शब्द कानावर पडला आणि बांध फुटला. तसं झालं नाही. इंद्रायणीवर हातपाय धुतले, एसटी धरली, परत आलो. फक्त त्या रात्री दोनच्या जागी चारला जाग आली.

फाल्गुनात रजा टाकून गावी गेलो. ज्वारी उपटून, कणसं मोडून झाली होती, कडबा रानात आडवा पडला होता. पुतण्या, भावजय, दोन गडीमाणसं आणि मी. चाळीस वर्षांनी पेंढी बांधायला बसलो. पहाटेचा अंधार, थंडी, तोच वास. मी जवळची धाटं घेतली, पिळा दिला, आणि आळा कटकन मोडला. दुसरा घेतला, तोही मोडला. तिसऱ्याला बोटात शिलक गेली.

पुतण्या बॅटरी घेऊन आला. म्हणाला, ‘‘आप्पा, कोरडी घिऊ नगा. कोरडा आळा वळत न्हाई, मोडतोय. हिकडं टिपात भिजत टाकल्यात रातीच. बाबा टाकायचं तशी.’’

विहिरीजवळ प्लॅस्टिकचं निळं टिप होतं. त्यात धाटं उभी करून ठेवलेली, वर धोंडा. मी हात घातला. पाणी गार होतं, आणि धाटं मऊ, जिवंत असल्यासारखी. एक काढलं. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. पाच वर्षांचं पोर असाच थेंब गळणारा आळा माझ्यापुढं धरायचं, आणि त्याची बाही भिजायची, आणि आई ओरडायची. बाही भिजायची हे मी विसरूनच गेलो होतो.

मग मी टिपाला धरून खाली बसलो.

किती वेळ ते ठाऊक नाही. आवाज बराच झाला असावा, कारण बांधावरची टिटवी ओरडत उठली. कुणी धावत आलं नाही. कुणी गप्प केलं नाही. पेंढ्या बांधल्याचा खसखस आवाज चालूच राहिला. उजाडायच्या सुमाराला पाठीमागं पैंजण वाजलं, आणि माझ्याशेजारी कुणीतरी पाण्याचा तांब्या ठेवला. मी मान वर केली तेव्हा भावजय परत निघाली होती. चार पावलांवर थांबली आणि पाठमोरीच म्हणाली, ‘‘मी रोज पहाटं हितंच येती, भावजी. घरात पोरं असत्यात.’’

दहा महिने ती एकटी त्या टिपाजवळ येत होती. आणि मी पुण्यात वहीवर खुणा करत होतो.

त्या दिवशी दिवस कासराभर वर येईपर्यंत आम्ही बांधत राहिलो. मी अकरा पाचुंदे केले. गड्यांनी त्यांच्या तिप्पट केले असतील. माझ्या गाठी सैल होत होत्या, भावजय मागून येऊन त्यातल्या काही पुन्हा आवळत होती. आम्ही फारसं बोललो नाही. न्याहारीला भाकरी, ठेचा आणि कांदा. ती बांधावर माझ्यासमोर बसून जेवली. पदर डोईवर होता, पण उंबरा मध्ये नव्हता.

त्यानंतरची झोप सांगतो. दुपारी घरी येऊन धाकट्याच्याच खाटेवर पडलो, ते दिवेलागणीला उठलो. जबडा दुखत नव्हता.

त्या आषाढीला दोन वर्षांनी वारी पुन्हा पायी निघाली. आधीची दोन्ही वर्षं पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या. मी सासवडपर्यंत चाललो. दिवेघाटात सगळे वर बघत, नाचत चढतात. मला सोपानदेवांच्या गावाला निघालेला तो थोरला भाऊ सारखा दिसत राहिला. हरिपाठ मी लहानपणापासून म्हणतो, पाठ असल्यामुळं तोंड आपोआप चालतं. आता मधेच एखाद्या चरणावर अडकतो. पुढं जाववत नाही, आणि घाईही वाटत नाही. मनाला बळ येतं ते त्या अडकण्याच्या जागी, असा माझा अनुभव आहे. शांत होतो असं म्हणत नाही. पण तिथं कुणीतरी आधी बसून गेलेलं आहे, जागा अजून उबदार आहे, असं वाटतं.

आणि एक झालं. कुणाकडं समाचाराला गेलो तर मी आता खंबीर राहा म्हणत नाही. मागच्या वर्षी कारखान्यातल्या एका सहकाऱ्याचा तरणा मुलगा गेला. मी गेलो, त्याच्या शेजारी सतरंजीवर बसलो. तो विचारायला लागला, मुलाचा फोन अजून चार्ज करून ठेवतो, बंद करू का? मी म्हणालो, राहू दे. तासभर बसून उठलो तेव्हा त्यानं माझा हात सोडला नव्हता.

२०२२ च्या ज्येष्ठात, गावी पाऊस लांबलेला असताना, पुतण्याचा फोन आला. गंजीतला कडबा संपत आला होता.

‘‘आप्पा, आज तुमची पेंढी काढली.’’

‘‘माझी कशावरून?’’

‘‘गाठीवरनं. उलटी मारलीया.’’

‘‘सुटली होती?’’

‘‘सैल हुती. म्हशीपुढं नेऊन टाकीपतोर राहिली मातर.’’

मी विचारलं, आभाळ आलंय का तिकडं. तो म्हणाला, वरच्या अंगाला आलंय थोडं.